आमचे घर नक्की किती चौरस फुटांचे? (पुनर्विकास आणि चटई क्षेत्राची मोजणी)

मधला_मजला

नमस्कार. डोंबिवली पूर्वेला आमची तळमजला अधिक तीन मजल्यांची, चोवीस सदनिकांची गृहनिर्माण संस्था आहे. इमारत १९८७ सालची असून तिच्या पुनर्विकासासाठी एका विकासकाचा प्रस्ताव समितीपुढे आला आहे. प्रस्तावात "सध्याच्या चटई क्षेत्रावर ३५ टक्के वाढीव क्षेत्र" असे शब्द आहेत आणि त्यानुसार माझ्या वन बीएचके घराच्या बदल्यात मला "रेरा चटई क्षेत्र ५२८ चौरस फूट" मिळेल असे सोबतच्या तक्त्यात लिहिले आहे.

माझा गोंधळ सध्याच्या क्षेत्राविषयी आहे. वडिलांनी केलेल्या नोंदणीकृत करारनाम्यात "५६५ चौ. फूट बिल्ट-अप" असा उल्लेख आहे. महापालिकेच्या मालमत्ता कराच्या नोंदीत ४१.४ चौरस मीटर आहे. विकासकाच्या वास्तुविशारदाने घरी येऊन मोजले आणि ३९१ चौरस फूट लिहून नेले. घर एकच आहे आणि इतक्या वर्षांत त्याची एक वीटही हललेली नाही. "५६५ चे ५२८ होणार असतील तर त्याला वाढ कसे म्हणतात?" असे आईने विचारले, तेव्हा मला उत्तर देता आले नाही. या तीन आकड्यांपैकी खरा कोणता?

ओळंबा

मी वास्तुविशारद आहे आणि हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी विचारला जातो. तिन्ही आकडे खरे असू शकतात. फरक मोजणीच्या रेषेचा असतो, म्हणजे फीत भिंतीच्या आतल्या बाजूला धरली की बाहेरच्या, गॅलरीच्या अलीकडे थांबवली की पलीकडे, आणि जिन्याची जागा सगळ्यांत वाटली की नाही, याचा.

रेरा, म्हणजे २०१६ चा स्थावर संपदा कायदा, चटई क्षेत्राची व्याख्या करतो. घरातील निव्वळ वापरण्याजोगे क्षेत्र घ्यायचे. त्यातून बाहेरच्या भिंती, नळ-वाहिन्यांचे डक्ट, फक्त त्या घरासाठी असलेली बाल्कनी अथवा व्हरांडा आणि फक्त त्या घरासाठी असलेली उघडी गच्ची वगळायची. मात्र घरातल्या खोल्याखोल्यांमधील भिंतींनी व्यापलेली जागा धरायची. हे शेवटचे वाक्य बहुतेकांच्या नजरेतून सुटते. जुन्या पद्धतीत चटई क्षेत्र म्हणजे शब्दशः चटई अंथरता येईल तेवढी जमीन, आणि भिंतीखाली चटई अंथरता येत नाही. रेराच्या चटई क्षेत्रात मात्र आतल्या भिंतीची जाडीही आपल्या खात्यात जमा होते.

आपल्या घराच्या खोल्यांची मापे इथे दिलीत, तर हे आकडे कुठून आले ते बहुधा सांगता येईल.

मधला_मजला

आज सकाळी आम्ही दोघा भावांनी फीत धरून मोजले. हॉल १० फूट बाय १४ फूट. झोपण्याची खोली १० फूट बाय ११ फूट ६ इंच. स्वयंपाकघर ८ फूट बाय ९ फूट ६ इंच. न्हाणीघर ४ बाय ६, संडास ३ बाय ४, मधली मार्गिका ३ बाय ८. हॉलला लागून ३ फूट ६ इंच बाय १० फुटांची गॅलरी आहे. तिला १९९५ च्या सुमारास खिडक्या लावल्या आणि आज तिथे माझे टेबल व कपाट आहे.

ओळंबा

धन्यवाद. आता बेरीज करू. हॉल १४०, झोपण्याची खोली ११५, स्वयंपाकघर ७६, न्हाणीघर २४, संडास १२, मार्गिका २४. एकूण ३९१ चौरस फूट. विकासकाच्या वास्तुविशारदाचा आकडा नेमका हाच आहे. म्हणजे त्यांनी प्रत्येक खोली भिंतीच्या आतून मोजली, मधल्या भिंती सोडल्या आणि गॅलरीही सोडली. (जाता जाता एक सूचना. ११ फूट ६ इंच म्हणजे ११.६ फूट नव्हे, साडेअकरा फूट. सभासदांनी स्वतः केलेल्या मोजणीत ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता कागद हातात घेतल्याबरोबर आधी तेवढेच तपासतो.)

आतल्या भिंती त्या काळच्या पद्धतीप्रमाणे अर्ध्या विटेच्या आणि दोन्ही बाजूंना गिलावा धरून साडेपाच इंचांच्या असाव्यात. आपल्या घराच्या रचनेत त्यांची एकूण लांबी सुमारे ४४ फूट भरेल, म्हणजे भिंतींखाली २० चौरस फूट जागा गेली. ३९१ अधिक २० असे ४११ चौरस फूट हे आपले आजचे रेरा चटई क्षेत्र झाले. गॅलरी ३५ चौरस फूट, ती वेगळी दाखवायची. दोन्ही मिळून ४४६. आता ४१.४ चौरस मीटरला १०.७६४ ने गुणून पाहा, ४४६ च येतात. कराच्या नोंदीत आतल्या भिंती आणि गॅलरी दोन्ही धरलेल्या दिसतात.

राहिला ५६५. बाहेरच्या भिंती नऊ इंची, शेजाऱ्यांशी सामाईक भिंतींची अर्धी जाडी आपली, असे धरले तर त्यांच्यासाठी सुमारे ५२ चौरस फूट लागतात आणि बांधीव क्षेत्र ४९८ च्या आसपास येते. उरलेले ६७ चौरस फूट म्हणजे जिना आणि जिन्यासमोरच्या मोकळ्या जागेतला आपला वाटा. त्या काळी बांधकाम व्यावसायिकाने तो मिळवून "बिल्ट-अप" लिहिले. आजच्या भाषेत ते सुपर बिल्ट-अप आहे. आपल्या आईंना सांगा की ५६५ मध्ये जिनाही होता.

मात्र खरी मेख पुढे आहे. विकासकाने आपले जुने घर भिंती वगळून मोजले आणि नवे घर भिंती धरून देऊ केले. जुन्याला एक फूटपट्टी आणि नव्याला दुसरी. ३९१ वर ३५ टक्के म्हणजे ५२८. जुने घरही रेराच्याच व्याख्येने मोजले असते, तर ४११ वर ३५ टक्के म्हणजे ५५५ झाले असते आणि गॅलरीचा हिशेब शिवाय वेगळा. गॅलरी धरून ४४६ वर ३५ टक्के म्हणजे ६०२. त्याच "३५ टक्के" या शब्दांत ५२८ पासून ६०२ पर्यंत, म्हणजे ७४ चौरस फुटांचे अंतर बसते. आपल्या भागातला दर चौरस फुटाला दहा हजार रुपये मानला, तर हे अंतर सात लाख चाळीस हजारांचे होते.

दुसऱ्या बाजूनेही पाहू. नव्या ५२८ मधून आतल्या भिंती आणि खोल्यांमध्ये येणारे खांब यांचे सुमारे ३० चौरस फूट वजा केले, तर पायाखाली ४९८ उरतात. आज आपण गॅलरीसह ४२६ चौरस फुटांवर वावरत आहात. नव्या घराला बाल्कनी नसेल, तर प्रत्यक्ष वाढ ७२ चौरस फुटांची, म्हणजे सुमारे १७ टक्के आहे.

जुना_आरेखक

मी नगररचनेच्या कामात आरेखक म्हणून आयुष्य काढले, त्यामुळे गॅलरीच्या इतिहासाविषयी थोडे लिहितो, कारण तो कळल्याशिवाय हे भांडण कळत नाही.

गॅलरी आत धरायची की बाहेर, हा वाद मुळात चटई क्षेत्र निर्देशांकाचा आहे. निर्देशांक म्हणजे भूखंडाच्या तुलनेत किती बांधता येईल याची मर्यादा. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत मजल्याच्या क्षेत्राच्या दहा टक्क्यांपर्यंतची बाल्कनी या मर्यादेत मोजली जात नसे. जे मोजले जात नाही ते बांधणाऱ्याला फुकट पडते. म्हणून इमारतींना बाल्कन्या आल्या, मग फुलझाडांचे कट्टे आले, शोभेचे कोनाडे आले. नकाशावर कट्टा असायचा आणि ताबा मिळेपर्यंत तो खोलीत विरघळलेला असायचा. विकताना त्याचे पैसे पूर्ण घेतले जात. जानेवारी २०१२ मध्ये ही नियमावली बदलली, बाल्कनी, कट्टे, कोनाडे हे सगळे निर्देशांकात मोजायचे ठरले आणि त्याच्या बदल्यात निवासी बांधकामाला ३५ टक्के फंजिबल, म्हणजे हवा तसा वापरता येणारा जादा, निर्देशांक अधिमूल्य आकारून देण्यात आला. त्यानंतर मुंबईतल्या नव्या नकाशांवरून बाल्कन्या झपाट्याने कमी होत गेल्या, हे माझ्यासारख्यांनी टेबलावर बसून पाहिले आहे.

आपल्या कल्याण-डोंबिवलीला डिसेंबर २०२० पासून राज्याची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तीत पी-लाइन नावाची संकल्पना आहे. बाल्कनीसह बाहेरच्या भिंतींची जी कड, तिच्या आतले सगळे निर्देशांकात धरतात. म्हणजे विकासकासाठी आज बाल्कनी आणि खोली यांचा खर्च निर्देशांकाच्या दृष्टीने सारखाच. रेराच्या चटई क्षेत्रात मात्र बाल्कनी येत नाही. हे दोन कायदे दोन वेगळ्या कारणांसाठी मोजतात आणि सामान्य सभासद त्यांच्या मध्ये सापडतो.

आणखी एक. रेराच्या आधीच्या १९६३ च्या सदनिका मालकी कायद्यात, म्हणजे मोफात, २००८ मध्ये दुरुस्ती होऊन घराची विक्री चटई क्षेत्रावरच करावी असे ठरले होते आणि त्यात बाल्कनीचे क्षेत्र समाविष्ट करून ते वेगळे दाखवायचे होते. त्यामुळे रेरापूर्वीच्या करारनाम्यात "चटई क्षेत्र" शब्द दिसला, तरी तो आजच्या अर्थाचा आहे असे मानू नये.

हेब्बाळकर

मूळचा सांगलीचा, गेली अकरा वर्षे बंगळूरला आहे. इथे बोलणी आजही सर्रास सुपर बिल्ट-अपवर चालतात. करारनाम्यात रेरा चटई क्षेत्र लिहिलेले असते, पण विक्री प्रतिनिधीच्या तोंडी दर असतो तो सुपर बिल्ट-अपचा. मी घेतलेले घर "१२५० चे" म्हणून दाखवले आणि करारनाम्यात रेरा चटई क्षेत्र ८४२ चौरस फूट निघाले.

त्यावेळी लोडिंग (चटई क्षेत्र आणि सुपर बिल्ट-अप यांतला फरक, टक्क्यांत) किती, असे मी विचारले. प्रतिनिधीने ३३ टक्के सांगितले. घरी येऊन मी हिशेब केला, तर ४८ टक्के आले. दोन दिवस मला वाटत होते की तो खोटे बोलला. खोटे काहीच नव्हते. फरक ४०८ चौरस फुटांचा होता. त्याने तो १२५० ने भागला आणि मी ८४२ ने. दोन प्रकल्पांची तुलना करायची असेल तर मी आता एकच गोष्ट करतो. मागितलेली सगळी रक्कम, त्यात वाहनतळ, क्लब आणि मजला-वाढ हे सर्व आले, एकत्र करून तिला चटई क्षेत्राने भागतो. मग जाहिरातीत कोणतेही क्षेत्र लिहिलेले असो.

फोंड्याहून

आमच्या गोव्यात सदनिकांचा व्यवहार चौरस मीटरमध्ये चालतो, त्यामुळे फूट-इंचांची ती ११.६ वाली चूक होत नाही. बाकी सुपर बिल्ट-अपचा घोळ मीटरमध्येही तितकाच होतो.

विटकरी

मी स्वतः लहान प्रमाणात पुनर्विकासाची कामे करतो, तेव्हा दुसरी बाजूही मांडली पाहिजे. रागावू नये.

ओळंबा यांचे गणित बरोबर आहे. परंतु त्यावरून विकासक ७४ चौरस फूट चोरतो आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. भूखंडावर एकूण किती बांधता येणार हे निर्देशांक, रस्त्याची रुंदी आणि अधिमूल्य यांवर ठरते. त्यातून सभासदांना किती द्यायचे आणि विकायला किती उरले पाहिजे, हा हिशेब विकासक आधी चौरस फुटांत करतो. टक्का तो नंतर काढतो. सभासदांना ५२८ देणे परवडते असे ठरले की मग त्याला ३९१ वर ३५ टक्के म्हणायचे की ४४६ वर साडेअठरा टक्के म्हणायचे, हा केवळ सादरीकरणाचा भाग असतो. आपण पाया बदलायला लावलात तर विकासक टक्का बदलेल.

म्हणून माझा सल्ला असा की टक्क्यावर भांडू नये. प्रत्येक सदनिकाधारकाला नव्या घराचा मापांसह नकाशा मागावा आणि त्यावर रेरा चटई क्षेत्र, बंदिस्त बाल्कनी, उघडी बाल्कनी हे तीन आकडे वेगवेगळे लिहून घ्यावेत. दोन-तीन विकासकांचे प्रस्ताव आले असतील, तर सर्वांना एकाच तक्त्यात भरायला लावावे. पाया एक नसेल तर ४० टक्के देणारा ३० टक्के देणाऱ्यापेक्षा लहान घर देऊ शकतो, आणि असे घडताना मी पाहिले आहे.

शिवाय आपसातल्या न्यायाचाही प्रश्न आहे. गॅलरी धरायची ठरवलीत, तर ज्या सदनिकांना मुळातच गॅलरी नाही त्यांच्या वाट्याला तुलनेने कमी येईल. ते सभेत गप्प बसतील असे समजू नका.

मधला_मजला

विटकरी यांनी नेमक्या जागी बोट ठेवले. तळमजल्यावरच्या दोन सभासदांनी मागच्या मोकळ्या जागेत पत्र्याचे छप्पर टाकून एकेक खोली वाढवली आहे आणि तीही "सध्याचे क्षेत्र" म्हणून धरावी असा त्यांचा आग्रह आहे. तिसऱ्या मजल्यावर एका घरात हॉल आणि झोपण्याची खोली यांमधली भिंत पाडली आहे, म्हणून त्यांचे चटई क्षेत्र त्यांच्या पायाखालच्या घरापेक्षा जास्त भरते. समितीने आता पुन्हा मोजणी करायचे ठरवले आहे. मोजणी नेमकी कशी करावी आणि कशाला प्रमाण मानावे, याविषयी मार्गदर्शन मिळाले तर मी ते छापून सभेपुढे ठेवेन.

ओळंबा

प्रमाण मानायचा तो महापालिकेने मंजूर केलेला नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्रासोबतचा नकाशा. संस्थेकडे प्रत नसेल तर महापालिकेच्या नगररचना विभागाकडून प्रमाणित प्रत मिळवावी. माहितीच्या अधिकारातही अर्ज करता येतो. प्रत्यक्ष मोजणी या नकाशाशी ताडून पाहण्यासाठी असते. नकाशात नसलेली खोली, मग ती पत्र्याची असो वा पक्की, हक्काच्या क्षेत्रात धरली जाऊ नये. पाडलेल्या भिंतीची अडचण रेराच्या व्याख्येने मोजले की आपोआप मिटते, कारण त्या व्याख्येत आतली भिंत धरलेलीच आहे. ती उभी असो की पाडलेली, आकडा बदलत नाही. एकमेकांच्या वर-खाली असलेल्या घरांचे आकडे त्यामुळे सारखे येतात. रेराची व्याख्या मला पटते त्याचे हे एक मोठे कारण आहे, जरी विक्रेते तिचा उपयोग आकडा फुगवण्यासाठी करत असले तरी.

मोजताना स्कर्टिंगच्या वर, कमरेच्या उंचीवर, गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत माप घ्यावे. लेझर मीटर वापरावा, पण कपाटामागे किंवा पडद्यावर किरण आदळत नाही ना ते पाहावे. जुन्या इमारतींतल्या खोल्या क्वचितच काटकोनात असतात, म्हणून प्रत्येक खोलीची लांबी दोन टोकांना घेऊन सरासरी काढावी. मार्गिका किंवा एल आकाराचा हॉल असेल तर त्याचे आयत पाडून बेरीज करावी. माळ्याचे क्षेत्र धरायचे नाही. डक्ट धरायचा नाही, त्याचे दार आपल्या न्हाणीघरात उघडत असले तरी.

खांबांविषयी नेहमी वाद होतो. महारेराने, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाने, जून २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे की घराच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या सर्व भिंती बाह्य भिंती मानाव्यात आणि घराच्या आत असलेल्या सर्व भिंती व स्वतंत्र खांब आतल्या भिंतींप्रमाणे, म्हणजे चटई क्षेत्रात, धरावेत. म्हणून हॉलच्या मधोमध आलेला खांब आपल्या चटई क्षेत्रात मोजला जातो, हे कितीही विचित्र वाटले तरी. बाहेरच्या भिंतीला लागून खोलीत नऊ इंच पुढे आलेला खांब कसा मोजला, हे मात्र नव्या नकाशावर बोट ठेवून विचारावे.

नव्या घराबाबत आणखी एक शब्द शोधावा. काही करारनाम्यांत चटई क्षेत्र गिलाव्यापूर्वीचे, म्हणजे नुसत्या काँक्रीटपासून काँक्रीटपर्यंतचे असल्याचे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. भिंतीवर अर्धा इंच लेप चढला तर १० बाय १२ ची खोली दोन्ही दिशांनी एकेक इंच कमी होते आणि १२० चे साधारण ११८ चौरस फूट राहतात. न्हाणीघरात लाद्यांमुळे घट आणखी होते. रेराच्या आदर्श विक्री करारनाम्यात भोगवटा प्रमाणपत्रानंतर अंतिम चटई क्षेत्र कळवायचे असते, फरकाची मर्यादा तीन टक्के असते आणि घट झाली तर जास्तीची रक्कम ४५ दिवसांत व्याजासह परत करायची असते. ५२८ वर तीन टक्के म्हणजे जवळजवळ १६ चौरस फूट, एक न्हाणीघर म्हणा ना. आपण सभासद आहात, घर विकत घेत नाही आहात, म्हणून असे कलम विकास करारनाम्यात आणि सभासदांच्या वैयक्तिक करारनाम्यात आपणहून लिहून घ्यावे लागते. त्यात "गिलावा व लाद्या बसवल्यानंतरचे" हे शब्द घालून घ्यावेत.

एडिसनची_काकू

मी न्यू जर्सीत घरांच्या मूल्यांकनाचे काम करते. इथल्या स्वतंत्र घरांची मोजणी आपल्या उलट आहे, म्हणून लिहावेसे वाटले. एएनएसआय झेड७६५ नावाचे एक प्रमाण १९९६ पासून आहे आणि फॅनी मे या गृहकर्ज क्षेत्रातल्या संस्थेने १ एप्रिल २०२२ पासून आपल्या कर्जांसाठीच्या मूल्यांकनात ते आवश्यक केले. त्यानुसार स्वतंत्र घर बाहेरच्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाने मोजतात. बाहेरून ४० बाय ३० फुटांचे घर १२०० चौरस फुटांचे लिहिले जाते. सहा इंचांच्या भिंती वजा केल्या तर आत ३९ बाय २९, म्हणजे ११३१ च असतात. बहुमजली इमारतीतल्या सदनिका मात्र आतून मोजतात.

आपल्याकडे नसलेला एक विचार इथे आहे, तो उंचीचा. छत सात फुटांपेक्षा खाली असेल तर क्षेत्र धरत नाहीत. उतरत्या छताच्या खोलीत किमान अर्ध्या जागेला सात फूट उंची हवी आणि पाच फुटांहून कमी उंचीचा भाग मोजायचाच नाही. तळघर कितीही सुंदर सजवलेले असले, तरी ते जमिनीखाली असल्यामुळे मुख्य आकड्यात मिसळत नाहीत, वेगळे लिहितात. गॅरेज तर नाहीच. तरीही घर विकणारे तळघरासह आकडा सांगतात आणि आमच्याकडे आलेली मराठी कुटुंबे "जाहिरातीत २१०० होते, तुम्ही १५०० कसे लिहिलेत" म्हणून माझ्यावरच रुसतात.

कर्वेनगर

कराच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण तिथे प्रत्येक ठिकाणी वेगळे क्षेत्र चालते. मुद्रांक शुल्कासाठीचा वार्षिक बाजारमूल्य तक्ता बांधीव क्षेत्राचा दर देतो; करारनाम्यात रेरा चटई क्षेत्र असेल तर त्याला १.१ ने आणि जुन्या पद्धतीचे चटई क्षेत्र असेल तर १.२ ने गुणून बांधीव क्षेत्र काढतात. नव्या, बांधकाम चालू असलेल्या घरावर परवडणाऱ्या घरांचा एक टक्का वस्तू व सेवा कर लागण्यासाठी किंमत ४५ लाखांच्या आत असावी लागते आणि चटई क्षेत्र मुंबई महानगर प्रदेशात ६० चौरस मीटरपर्यंत, तर आमच्या पुण्यात ९० चौरस मीटरपर्यंत चालते. डोंबिवली महानगर प्रदेशात येते, तेव्हा आपल्याकडे ६०. मुंबई महापालिकेच्या हद्दीतली ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांची मालमत्ता करमाफी मात्र कल्याण-डोंबिवलीला लागू नाही; ती आपल्यालाही लागू आहे असा गैरसमज सभेत कोणी करून घेऊ नये.

मधला_मजला

पाच आठवड्यांनी लिहितो आहे. सर्वांचे मनापासून आभार.

संस्थेने स्वतंत्र वास्तुविशारद नेमला आणि मंजूर नकाशाची प्रत काढून चोवीसही घरे एकाच पद्धतीने मोजून घेतली. तक्त्यात चार स्तंभ केले: आतल्या भिंती वगळून क्षेत्र, रेरा चटई क्षेत्र, गॅलरी आणि दोन्हींची बेरीज. माझ्या घराचे आकडे ओळंबा यांनी सांगितल्याप्रमाणेच आले, फक्त रेरा चटई क्षेत्रात अर्ध्या चौरस फुटाचा फरक पडला. पत्र्याच्या खोल्या धरल्या नाहीत. त्यावरून दोन सभा रात्री अकरापर्यंत चालल्या, परंतु मंजूर नकाशा भिंतीवर लावल्यानंतर फारसे बोलण्यासारखे उरले नाही. गॅलरी नसलेल्या चार घरांना प्रत्येकी १२ चौरस फूट जास्त देण्याचे ठरले आणि ते बाकीच्यांनी मान्य केले.

विकासकाला तोच तक्ता भरायला दिला. त्यांचा सुधारित प्रस्ताव आता ४४६ वर ३० टक्के असा आहे. माझ्या घराला ५८० चौरस फूट: रेरा चटई क्षेत्र ५४०, उघडी बाल्कनी ४०, दोन्ही गिलावा व लाद्या बसवल्यानंतरचे, आणि मापांसह नकाशा करारनाम्याला जोडलेला. आईला नव्या नकाशावरचे स्वयंपाकघर पाहायचे होते, म्हणून मी जमिनीवर खडूने त्याची आखणी करून दाखवली. ते आत्ताच्यापेक्षा एक फुटाने रुंद आहे.

काल विशेष सर्वसाधारण सभेत प्रस्ताव वाचून दाखवला. वाचन संपताच तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा उठले आणि त्यांनी समितीला जाब विचारला, की आधी ३५ टक्के मिळत होते ते ३० वर कोणी आणले. आता त्यांच्या घरी खडू घेऊन जायचे आहे.